कोणता साप रागीट, कोणता गरीब?



मृगाचे एक-दोन पाऊस झाले, की वावरात माणसांची लगबग सुरू होते. त्याच सुमारास बिळांत पाणी शिरते आणि सापही बाहेर पडतात. आपले पेरणीचे दिवस आणि त्यांचे फिरण्याचे दिवस एकच. म्हणून नांदेड-लातूरकडच्या गावांत पिकांची पाहणी चालू असो की शेतकरी मेळावा, या दिवसांत एक प्रश्न हमखास निघतो : "साहेब, सगळ्यांत रागीट साप कोणता?" कोणी नागाचे नाव घेतो, कोणी घोणशीचे. एखादे आजोबा शपथेवर सांगतात, की धामणीसारखी खुनशी जात नाही; तिने शेपटी मारली की अंग झडते.

प्रश्न चांगला आहे, पण अर्धा आहे. कोणता साप रागीट हे कळून उपयोग तेव्हाच, जेव्हा त्याच्यापुढे आपण कसे वागावे हेही कळेल. आणि या दोन गोष्टी जुळवून पाहिल्या, की एक विलक्षण बाब ध्यानात येते. जो साप फुत्कारतो, फणा काढतो, अंगावर आल्यासारखा करतो, तो पुष्कळदा आपल्याला वाचवतो. ज्याचा राग कधी दिसतच नाही, तो झोपेत जीव घेतो.

हा विषय किती गंभीर आहे, ते एका हिशेबावरून कळेल. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यांतले बहुतेक मृत्यू खेड्यांतले, आणि निम्मे पावसाळ्यातले. दगावणाऱ्यांत पाव हिश्शाहून जास्त पंधरा वर्षांच्या आतली मुले होती. म्हणजे हे दुखणे शहराचे नाही, तुमचे-आमचे आहे.

सापाचा राग म्हणजे काय?

आपण ज्याला राग म्हणतो, तो सापापाशी नसतो. त्याच्यापाशी असते ती भीती. आपल्या वावरातला विषारी साप माणसाला खात नाही, खाऊ शकतही नाही. त्याचे विष उंदीर, बेडूक, सरडा असले भक्ष्य मारण्यासाठी असते. माणसावर ते खर्च करून त्याला काही मिळत नाही.

माणूस जवळ आला, की सापापुढे तीन-चार वाटा असतात. पहिली, हलायचे नाही, म्हणजे दिसणार नाही. दुसरी, पळायचे. तिसरी, घाबरवायचे : फुत्कार, फणा, अंग फुगवणे, खोटा वार. आणि या सगळ्या वाटा बंद झाल्या, म्हणजे पाय पडला, हात लागला, काठी बसली, तर चावायचे. सापासापांत फरक आहे तो एवढाच, की कोणता साप कोणत्या वाटेवर जास्त वेळ थांबतो. त्यालाच आपण त्याचा स्वभाव म्हणू.

हे नुसते बोलणे नाही, परदेशांत याच्या परीक्षा झाल्या आहेत. अमेरिकेत दलदलीत राहणारा एक विषारी साप फार रागीट म्हणून बदनाम आहे. तिथल्या दोन शास्त्रज्ञांनी रानात जाऊन त्याची परीक्षा घेतली व २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपासलेल्या ४५ सापांपैकी २३ सापांनी आधी पळूनच जायचा प्रयत्न केला. खोट्या हाताने छेडलेल्या ३६ सापांपैकी चावले फक्त १३. ब्राझीलमध्ये २०२४ साली असाच एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे जाड बूट घालून एका विषारी जातीच्या शंभराहून अधिक सापांच्या जवळ व अंगावर हलके पाय ठेवून पाहिले. तेव्हा मोठ्या सापांपेक्षा लहान साप जास्त चावतात असे दिसले. ते साप आपल्याकडचे नव्हेत, पण "एवढेसे पिल्लू काय करणार" असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट गाठीला बांधावी. आपल्याकडेही नाग-घोणशीचे पिल्लू जन्मल्या दिवसापासून विषारी असते.

आता आपल्या वावरातल्या चार मुख्य विषारी सापांकडे वळू.

नाग : आधी सांगतो, मग करतो

नागाचा दबदबा मोठा, म्हणून त्याला सगळ्यांत रागीट समजतात. खरे पाहता चार विषारी सापांत सर्वांत उघड इशारा देणारा हाच. वाट मोकळी असली तर तो आधी सटकतो. कोंडला गेला तर अंगाचा पुढचा भाग उभा करतो, फणा पसरतो, फुत्कारतो. त्याचा अर्थ सरळ आहे : "मी इथे आहे, तू लांब राहा." या वेळी तो जे झेपावतो, त्यांतले कित्येक वार तोंड मिटून केलेले, नुसते भिवविण्यासाठी असतात. चावला तरी काही वेळा विष सोडत नाही.

मग नागाच्या दंशाने माणसे का दगावतात? कारण इशारा मिळाल्यावर आपण थांबत नाही. काठी घेतो, पोरे गोळा करतो, धोंडे मारतो. किंवा इशारा द्यायला त्याला वेळच मिळत नाही : उंदराच्या बिळात हात जातो, तुराट्यांचा भारा उचलताना तो खाली असतो, संध्याकाळच्या अंधुक उजेडात पाय पडतो. उन्हाळ्याच्या शेवटी मादी अंडी घालते आणि त्यांच्या जवळ राहते. तेव्हा ती सहजासहजी जागा सोडत नाही. जुने वारूळ, पडीक भिंत, कडब्याची गंज अशा ठिकाणी त्या दिवसांत विशेष जपावे.

नाग दिसला तर काय करावे? जागच्या जागी थांबावे, हातवारे करू नयेत आणि सावकाश मागे सरकावे. नाग हलत्या वस्तूवर नजर ठेवतो. गारुड्याची पुंगी हलते म्हणून तो डोलतो, सुरावर नव्हे. चार-पाच पावले मागे गेलात, की तो फणा मिटून आपली वाट धरतो.

घोणस : आळशी, पण घाव मोठा

अंग जाडजूड, डोके त्रिकोणी, पाठीवर साखळीसारख्या बदामी-तपकिरी ठिपक्यांच्या तीन रांगा, ही घोणशीची खूण. स्वभावाने ती सुस्त. आपण जवळून गेलो तरी बहुधा हलत नाही, आणि धोका नेमका इथेच आहे. नागासारखी ती पळत नाही. आपल्या रंगावर विसंबून गवतात, उसाच्या पाचटात, सोयाबीनच्या सरीत वेटोळे घालून उंदराची वाट पाहत बसते. तिच्यापासून दोन हातांवर तुम्ही तासभर निंदणी केली असेल आणि तुम्हाला पत्ताही नसेल.

मात्र एकदा का ती बिथरली, की तिचा फुत्कार कुकरच्या वाफेसारखा मोठा आणि लांबलचक असतो. असा आवाज कानी आला की तो कुठून येतो हे शोधत पुढे जाऊ नका. आहे तिथे थांबा, नीट पाहा आणि आल्या वाटेने मागे फिरा. तिचा वार विजेसारखा असतो आणि विषाचे दात आपल्या सगळ्या सापांत लांब. ती दिसली म्हणून चपळाईने उडी मारून वाचू, असे कोणी समजू नये.

घोणस अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देते, आणि तीही एका वेळी वीस-तीस. बहुधा मे ते जुलैमध्ये. म्हणून पेरणीच्या दिवसांत बांधावर, धुऱ्यावर, काडीकचऱ्यात तिची पिल्ले सापडतात. आणखी एक चूक जीवघेणी ठरते : जाडजूड अंग पाहून पुष्कळ जण तिला अजगराचे पिल्लू समजतात आणि हाताने उचलू पाहतात. पाठीवर ठिपक्यांची साखळी दिसली, की तिला घोणसच समजा.

तिच्या विषाने रक्त गोठेनासे होते. हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाते, पाय फार सुजतो, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. दंश मुख्यतः पावलावर व घोट्याजवळ होतो. म्हणजे गुडघ्यापर्यंतचा गमबूट हे घोणशीपुरते तरी मोठे कवच आहे.

मण्यार : दिवसा गरीब, रात्री काळ

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्या सापाकडे येऊ. मण्यार चकचकीत काळी किंवा निळसर काळी असते. अंगावर पांढरे बारीक पट्टे, बहुधा जोडीजोडीने. शेपटीकडे ते स्पष्ट आणि मानेकडे पुसट होत गेलेले. दिवसा ती सापडली तर इतकी गरीब, की वेटोळे करून त्यात तोंड खुपसून बसते. फणा नाही, फुत्कार जवळपास नाही. पाहणाऱ्याला वाटते, हा कसला विषारी साप! म्हणूनच तिला हाताळणारे फसतात.

हीच मण्यार रात्री अगदी निराळी असते. अंधार पडला की ती पाली, उंदीर, बेडूक, दुसरे लहान साप शोधत फिरते, आणि त्यांच्या मागाने घरात येते. आपली जुनी दगड-मातीची, माळवदाची घरे. भिंतींना भेगा, कोपऱ्यात धान्याची पोती, पोत्यांखाली उंदीर. उकाड्यामुळे माणसे जमिनीवर अंथरूण टाकून निजलेली. मण्यार अंथरुणाच्या उबेपाशी येते, झोपेत माणसाचा हात किंवा पाय तिच्यावर पडतो आणि ती चावते. इथे राग नाही, पाठलाग नाही, इशाराही नाही.

दंश जवळजवळ दुखत नाही. मुंगी किंवा डास चावल्यासारखे वाटते. पुष्कळांना जागही येत नाही. सूज नाही, कित्येकदा दाताची खूणही दिसत नाही. मग पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, घसा दुखतो. घरचे म्हणतात, काहीतरी बाधले असेल, आणि ओवा देतात. पुढे पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोबडी वळते, थुंकी गिळता येत नाही, शेवटी श्वास अडकतो.

म्हणून प्रत्येक घरातल्या माऊलीने हे पाठ करून ठेवावे : पावसाळ्यात जमिनीवर निजलेले माणूस, विशेषतः मूल, पहाटे पोटदुखीने उठले आणि त्याच्या पापण्या झाकू लागल्या, तर साप दिसला नसला तरी मण्यार धरूनच चालावे आणि तडक दवाखाना गाठावा. असा रोगी मेल्यासारखा निपचित पडला तरी पुष्कळदा जिवंत असतो, त्याला सगळे ऐकू येत असते. फक्त स्नायू लुळे पडलेले असतात. कृत्रिम श्वासावर ठेवले तर असे रोगी उठून घरी गेलेले आहेत.

मण्यारीवर सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे बाज आणि मच्छरदाणी. मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचाव्यात. नेपाळच्या तराई भागात सर्पदंशावर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका बराच कमी आढळला. डासांसाठी घेतलेली जाळी सापालाही अडवते. आखाड्यावर राहणाऱ्या सालगड्याला आणि जागलीला जाणाऱ्या पोरालाही ती द्यावी.

फुरसे : मूर्ती लहान, खोड मोठी

चौघांत खरोखर तापट म्हणावा असा हाच. लांबी हात-दीड हात. रंग मातीसारखा, डोक्यावर बाणासारखी पांढुरकी खूण. फुरशाचे नाव निघाले की कोकणातल्या रत्नागिरीची आठवण होते. पण बालाघाटाच्या खडकाळ माळांसारखी मुरमाड जमीनही त्याला मानवते. दगडाखाली, दगडी बांधाच्या फटीत, बुटक्या झुडपात ते बसते.

छेडले की फुरसे पळण्याऐवजी आठाच्या आकड्यासारखी वेटोळी घालते आणि अंगाचे खरबरीत खवले एकमेकांवर घासते. काचकागद घासल्यासारखा खरखर आवाज येतो. हाच त्याचा इशारा. त्यानंतर मात्र ते फार वाट पाहत नाही, भराभर वार करते. लहान असल्याने ते दिसत नाही आणि दंशाची जखमही छोटी वाटते. पण याच्या विषानेही रक्त गोठत नाही. "इवलेसे तर होते" म्हणून दोन दिवस घरी काढणारे लोक तिसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त येऊ लागल्यावर दवाखान्यात पोहोचतात. माळावर दगड उचलताना, सरपण गोळा करताना हात आधी घालू नये. काठीने दगड उलटावा, मग हात लावावा.

चिडके, पण बिनविषारी

आता गंमत पाहा. जे साप सर्वांत लवकर चिडतात आणि चावतात, त्यांतले बरेचसे बिनविषारी आहेत.

विहिरीत, तळ्यात, मांजरा-मन्याडच्या काठाला दिसणारा दिवड घ्या. पकडला की कडाडून चावतो, मान चपटी करून नागाचा आव आणतो, पण त्याच्यात माणसाला बाधेल असे विष नाही. तस्कर छेडला तर मान वाकडी करून, तोंड उघडून झेप घेतो, तोही बिनविषारी. कवड्या साप भिंतीवर चढून पाली खातो, हाती धरला की चावतो, विष नाही. मात्र कवड्या आणि मण्यार यांत लोक फार घोटाळा करतात. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट असतात, मण्यारीचे उलटे. पण ही परीक्षा जवळ जाऊन करायची नसते. घरात पट्ट्यांचा साप निघाला तर तो मण्यारच, असे धरून वागावे.

धामण तर आपली खरी सालदार. सहा-सात फूट लांब, दिवसा फिरणारी, माणूस दिसताच बाणासारखी पळणारी. कोंडली तर गुरगुरल्यासारखा आवाज करते आणि चावतेही, पण विष नाही. शेपटीत काटा नाही, अंग झडत नाही, ती गाईचे दूध पीत नाही आणि ती नागाची मादीही नव्हे. दोन साप एकमेकांना पीळ घालून उभे राहतात ते बहुधा दोन नर धामण, त्यांची झुंज चाललेली असते. धामण पोट भरते ते मुख्यतः उंदरांवर. तिला मारणे म्हणजे फुकटचा राखणदार मारून उंदरांना रान मोकळे करून देणे.

आणि सगळ्यांत गरीब? मांडूळ. दुतोंड्या म्हणून ज्याची बदनामी झाली, तो हाच. शेपटी बोथट आहे म्हणून दुसरे तोंड वाटते, एवढेच. हात लावला तरी डोके लपवतो. या गरीब सापाच्या नावाने गुप्तधनाच्या आणि लाखो रुपयांच्या थापा मारणाऱ्या टोळ्या फिरतात. मांडूळ पकडणे-विकणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. त्या फंदात कोणी पडू नये.

मांत्रिकाला यश का येते?

स्वभावाचा हा हिशेब नीट लावला, की मांत्रिकाचे कोडेही सुटते. चावणाऱ्या सापांत दिवड, तस्कर, कवड्या असे बिनविषारी पुष्कळ. विषारी साप चावला तरी काही वेळा विष सोडत नाही. असे रोगी मारुतीच्या पारावर नेले काय किंवा घरी ठेवले काय, बरे होणारच. श्रेय मात्र मंत्राला जाते. पुढे खरोखर मण्यार किंवा घोणस चावलेला रोगी त्याच पारावर नेला जातो, आणि दोन-तीन तास निघून जातात. कडुलिंबाचा पाला कडू लागतो की नाही, यावरूनही विष कळत नाही. मारुतीरायाला नमस्कार जरूर करावा, पण गाडी दवाखान्याच्या दिशेने चालू असताना.

तसेच नागाने डूख धरला, हीही समजूतच. साप माणूस ओळखून वर्षभर सूड मनात ठेवत नाही. एकाच घरी पुन्हा पुन्हा साप निघतो, त्याचे कारण तिथे उंदीर आहेत आणि भिंतीला भेगा आहेत.

एका नजरेत

नाग : दिवसा व संध्याकाळी भेटतो. फणा व फुत्काराने इशारा देतो. थांबा, सावकाश मागे सरका.

घोणस : गवतात, पिकात दबून बसते. बिथरली तर मोठा फुत्कार. पायात गमबूट, हातात बॅटरी ठेवा.

मण्यार : रात्री घरात येते. इशारा नाही, वेदना नाही. बाज आणि मच्छरदाणी वापरा.

फुरसे : खडकाळ माळ, दगडी बांध. खरखर आवाज, भराभर वार. दगड काठीने उलटा.

धामण, दिवड, तस्कर : चिडतात, चावतात, विष नाही. तरीही खात्री नसेल तर दवाखान्यात जा.

आपली खोड आपण बदलू

साप आपली खोड बदलणार नाही. बदलायची ती आपण.

कृषिपंपाची वीज ज्या आठवड्यात रात्रीची असते, त्या आठवड्यात पाणी द्यायला जाताना गमबूट आणि चांगली बॅटरी हवीच. बॅटरी पुढे दूरवर मारू नका, पाय जिथे पडणार तिथे मारा. शक्यतो दोघांनी जावे. पायाने किंवा काठीने जमीन आपटत चालावे. सापाला बाहेरचे कान नाहीत, पण जमिनीतली थरथर त्याला नेमकी कळते आणि पळायला वेळ मिळतो. सोयाबीन काढताना, ऊस तोडताना, हळदीचा पाला कापताना आधी काठी फिरवा, मग विळा घाला. काढलेल्या सोयाबीनचे ढीग रात्रभर पडून राहिले असतील, तर सकाळी ते हातांनी कवटाळून उचलू नका, आधी फाट्याने हलवा.

घराला लागून गोवऱ्या, तुराट्या, पऱ्हाट्या रचू नका. दहा-पंधरा पावले लांब रचा. धान्य पोत्यांऐवजी पत्र्याच्या कोठीत ठेवा. भिंतीच्या भेगा आणि उंदरांची बिळे पावसाळ्याआधी लिंपून घ्या. उंदीर नाही तिथे सापाला काम नाही. लहान मुलांना रात्री परसाकडे एकटे पाठवू नका.

साप दिसला तर मारायला धावू नका. दंश होण्याची सर्वांत खात्रीची वेळ हीच. जवळच्या वनविभागाला किंवा जाणत्या सर्पमित्राला बोलवा, आणि तो येईपर्यंत लांबून नजर ठेवा.

आणि चावलाच तर?

धीर द्या. ज्या हाताला किंवा पायाला दंश झाला, तो हाड मोडल्यावर बांधतात तसा फळीला सैल बांधून स्थिर ठेवा. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण लगेच काढा, कारण सूज आल्यावर ती रुततात. दोरीने करकचून आवळू नका, ब्लेडने चिरू नका, तोंडाने विष ओढू नका, बर्फ लावू नका, दारू पाजू नका. रोग्याला चालवू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. ती लांब असेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये रोग्याला बसवून निघा. वेळ दवडू नका.

साप मारून बरोबर नेण्याची गरज नाही. आपल्याकडे मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच आहे. मुंबईच्या परळला असलेल्या हाफकिनचे नाव या लशीशी पिढ्यान्पिढ्या जोडलेले आहे. शिवाय उपचार सापाच्या नावावर नव्हे, रोग्याच्या लक्षणांवर होतात. काचेच्या नळीत रक्त वीस मिनिटे ठेवून ते गोठते की नाही हे पाहिले, की घोणस-फुरशाचे विष कळते. पापण्या आणि श्वास पाहून नाग-मण्यारीचे. सरकारी रुग्णालयात ही लस मोफत मिळते.

खेड्यात हे उपचार होत नाहीत, असे म्हणणाऱ्यांसाठी आपल्याच नांदेड जिल्ह्यातले उदाहरण आहे. मुखेडसारख्या तालुक्याच्या गावी डॉ. दिलीप पुंडे यांनी सर्पदंशाच्या रोग्यांवर केलेल्या उपचारांचा दहा वर्षांचा अनुभव 'नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया' या वैद्यकीय नियतकालिकात २००५ साली छापून आला. मोठ्या शहरात न जाताही रोगी वाचू शकतो, फक्त तो वेळेवर पोहोचला पाहिजे. गंभीर रोग्यांसाठी नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याची राष्ट्रीय योजना केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये जाहीर केली आहे. पण योजना दिल्लीत झाली, तरी मच्छरदाणी आपल्याच घरात टांगावी लागते.

तेव्हा या पावसाळ्याआधी घरातल्या सगळ्यांनी मिळून दोन कामे करावीत. जवळच्या कोणत्या दवाखान्यात लस आहे आणि रात्री डॉक्टर असतो का, याची चौकशी करून तो क्रमांक दाराजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. आणि जमिनीवर निजणारे घरातले शेवटचे माणूस बाजेवर, जाळीत निजेल अशी सोय करावी.

स्वभावाला औषध नाही, असे आपण म्हणतो. सापाच्या स्वभावालाही नाही. पण त्याच्या विषाला औषध आहे, आणि ते वेळेवर घ्यायचे की नाही, हे आपल्याच हाती आहे.